'पॅरिश चर्च' म्हणजे गावचे चर्च का?

इंग्लंडमधील एका लहानशा पॅरिश चर्चच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कार्यक्षेत्रात येणारा मुलूख) इतिहासाविषयी मराठीत लिहिताना 'धर्मग्राम' हा शब्द योजावा की सरळ 'गावचे चर्च' म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे. वसईच्या कॅथलिक समाजात 'धर्मग्राम' (पॅरिश) आणि 'धर्मप्रांत' (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) हे शब्द चांगलेच रुळलेले आहेत आणि तिकडच्या चर्चविषयी लिहिताना दुसरा शब्द शोधण्याचे कारणच नाही. इंग्लंडच्या बाबतीत मात्र मी 'पॅरिश' तसाच ठेवीन, कारण तेथील पॅरिश हे केवळ धार्मिक क्षेत्र नव्हते. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद 1538 पासून पॅरिशनिहाय ठेवली जाऊ लागली, 1601 च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणासाठी कर गोळा करण्याचे कामही पॅरिशवरच आले, आणि 1894 मध्ये निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली स्थापन झाल्या, तेव्हाही नाव तेच राहिले.

एसेक्समधील ग्रीनस्टेडचे चर्च पाहावे. ओकचे ओंडके उभे चिरून, त्यांची गोल बाजू बाहेर आणि सपाट बाजू आत ठेवून शेजारी शेजारी रोवलेल्या त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. या लाकडाचे वय पूर्वी नवव्या शतकातले मानले जाई. पुढे वृक्षवलयांच्या नव्या तपासणीने ते अकराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपास आणून ठेवले. वेदीकडचा भाग मात्र विटांचा, सुमारे 1500 सालचा. इंग्लंडमध्ये भाविकांच्या बसण्याच्या दालनाची डागडुजी पॅरिशच्या रहिवाशांनी आणि वेदीकडच्या भागाची रेक्टरने (सहसा पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूने) करायची, असा जुना रिवाज होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. 'गावचे चर्च' म्हटल्याने ही वाटणी कळत नाही.

याच चर्चच्या नोंदवहीत 1839 मधील जेम्स ब्राइनचा विवाह आहे. शेतमजुरांची संघटना बांधताना गुप्त शपथ घेतल्याबद्दल 1834 मध्ये ऑस्ट्रेलियाला हद्दपार झालेल्या, डॉर्सेटमधील टॉलपडल या गावच्या सहा जणांपैकी तो एक. माफी मिळून परतल्यावर तो मूळच्या डॉर्सेटमध्ये न राहता एसेक्समध्ये शेती करू लागला होता. अशा माणसाच्या संदर्भात 'ग्रीनस्टेड पॅरिशच्या नोंदवहीत' असे लिहिणेच नेमके ठरते.

शिवाय एका पॅरिशमध्ये अनेक वाड्या असू शकतात आणि एका शहरात अनेक पॅरिश. त्यामुळे 'गाव' हा पर्याय मला दोन्हीकडून अपुरा वाटतो. पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'चर्चच्या कार्यक्षेत्रात येणारा मुलूख' एवढा खुलासा करावा आणि पुढे 'पॅरिश' निःसंकोच वापरावा.