‘किल्ली: सी मोठी’

प्रश्न थोडक्यात असा. युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) शिकणाऱ्या एका वाचक ताईंना १९२०च्या दशकातल्या एका हसऱ्या अमेरिकी गाण्याची माहिती मराठीत लिहायची आहे. इंग्रजीत तीन रकाने होते: टेम्पो, की आणि मूड. भाषांतराच्या यंत्राने त्यांना ‘वेग: १२०, किल्ली: सी मोठी, मनःस्थिती: आनंदी’ असं करून दिलं. यातलं काय ठेवू, असं त्या विचारतात.

ताई, काहीच ठेवू नका. ‘किल्ली: सी मोठी’ वाचून माझ्या डोळ्यांपुढे थेट गोदरेजचं कपाट आलं.

आधी टेम्पो. हा शब्द मराठीत आहेच, पण तो घर बदलताना बोलावतात. हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव ‘टेम्पो’ होतं, तिच्या सहकार्याने बजाज टेम्पोने तीनचाकी इथे आणली, आणि एका कंपनीचं नाव सगळ्या मालवाहू गाड्यांना चिकटलं. मूळ मात्र एकच, इटालियन ‘टेम्पो’, म्हणजे काळ. गाण्याच्या बाबतीत आपला शब्द ‘लय’. वेग गाडीला असतो. गाण्यात लय वाढते, लय पडते, तबलजी पळायला लागला की गायक डोळ्यांनीच दटावतो. ‘लय १२०’ असं नुसतं लिहिलंत तर कोल्हापूरकडचा वाचक ‘लय’चा अर्थ ‘फार’ असा घेईल, म्हणून ‘मिनिटाला १२० मात्रा’ असं लिहा. एक खबरदारी: त्या काळच्या नाचाच्या गाण्यांत पाय दोनदा पडतो तेवढ्यात हात चारदा फिरतो. म्हणून एकच गाणं कुणी १०० मोजतो, कुणी २००. तबलजीला विचाराल तर तो सांगेल, लय तीच, हात दुगुनीत, म्हणजे दुप्पट चालतोय.

आता ‘की’. इथे जरा थांबायला हवं. पेटीवाल्यांचा, म्हणजे हार्मोनियमवाल्यांचा, शब्द ‘पट्टी’. पेटीच्या ज्या पट्टीवर गायकाचा सा, ती त्याची पट्टी. कार्यक्रमाआधी साथीदार विचारतो, ‘‘पट्टी कुठली?’’, उत्तर येतं, ‘‘काळी चार’’ (म्हणजे चौथी काळी पट्टी), आणि तंबोरे जुळायला लागतात. या हिशेबाने इंग्रजी ‘सी’ म्हणजे पांढरी एक. पण ‘पट्टी’ फक्त सा कुठे आहे एवढंच सांगते. पुढे गंधार (ग) शुद्ध की कोमल, म्हणजे किंचित उतरलेला, याबद्दल ती गप्प. इंग्रजी ‘की’ दोन्ही एका दमात सांगते: ‘सी मेजर’ म्हणजे सा पांढरी एकवर, आणि स्वर सगळे शुद्ध, आपल्या बिलावल थाटाचे (थाट म्हणजे रागांमागचा सात स्वरांचा साचा). त्याच पांढऱ्या पट्ट्या पांढरी सहाला सा मानून वाजवल्या तर आसावरी थाट निघतो, आणि तोच तिकडचा ‘ए मायनर’. ‘मेजर’चं ‘मोठी’ करून यातलं काहीच पोचत नाही. म्हणून लिहा: ‘पांढरी एक, सगळे स्वर शुद्ध’.

तुमच्या हातातल्या वाद्यावरच ताडून पाहा. चार मोकळ्या तारा नेहमीप्रमाणे लावून वरून खाली छेडल्या की ऐकू येतं प, सा, ग, ध. पहिला प खर्जातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, नाही, मध्य सप्तकातला. म्हणजे सर्वांत वरची तार सर्वांत खालच्या सुराची नाहीच. (सतार शिकलेल्या माणसाला हे काही दिवस छळतं.) आता शेवटच्या तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी एक बोट ठेवा. ध चा तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा (सां), झाला: प, सा, ग, सां. एका बोटात शुद्ध गंधाराचा भरलेला मेळ, म्हणजे कॉर्ड. खर्ज नाही आणि सगळे सूर एकमेकांना खेटून बसलेले, त्यामुळे हे वाद्य रडवेलं वाजवायलाच कष्ट पडतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत छापलेल्या अनेक गाण्यांवर तारा एक सूर वर, म्हणजे पांढरी दोनच्या हिशेबाने लावायला सांगितलेलं असे. प, सा, ग, ध तेच. सा तेवढा सरकला. ‘पट्टी’ शब्दाचं काम यापेक्षा स्वच्छ कुठे दिसत नाही.

आणि हो, माहिती जुन्या तबकडीवरून काढली असेल तर आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नका. ७८ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला ८२-८३ फेरे फिरली तर पांढरी एकचं गाणं काळी एकला जातं, आणि लयही १२०ची १२७ होते. पट्टी आणि लय तिथे एकाच चाकाला बांधलेल्या असतात.

उरला मूड. ‘मनःस्थिती’ डॉक्टर विचारतात. ‘भाव’ चालेल, ‘रस’ जरा जड होईल. मूड हाही आता मराठीच शब्द आहे, पण तो माणसाला असतो नि बहुधा गेलेला असतो. माझं मत विचाराल तर इथे ‘चाल’ वापरा. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि चाल असे उल्लेख छापलेले असत, तेव्हा तीन रकान्यांची सवय आपल्याला नवी नाही. तिथे चाल म्हणजे ‘अमक्या पदाच्या चालीवर’. बोलण्यात मात्र आपण ‘उडत्या चालीचं गाणं’ म्हणतो, आणि त्या दोन शब्दांत लयही येते, खुशीही येते, पाय हलतात तेही येतं. तुमचं गाणं तेच आहे. फक्त त्यामुळे रकाने काटेकोर राहणार नाहीत, कारण ‘उडती चाल’ लयीच्या रकान्यातही थोडी सांडते. सांडू द्या.

योगायोग असा की हवाईच्या भाषेत ‘उकू’ म्हणजे पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उडी, ही या वाद्याच्या नावाची रूढ फोड. लेले आडनावाच्या मंडळींनी मनाला लावून घेऊ नये. पोर्तुगालच्या मदेरा बेटाहून निघालेलं मजुरांचं जहाज ऑगस्ट १८७९मध्ये होनोलुलूला लागलं, त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या गिटारींवरून हे वाद्य घडलं, आणि १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकाभर त्याचं वेड पसरलं. तिथे सुरुवातीच्या ‘उ’चा ‘यु’ झाला. तुमचं गाणं अमेरिकी असल्याने ‘युकुलेले’ लिहिलंत तर चूक नाही. हवाईच्या गाण्याबद्दल लिहाल तेव्हा ‘उकुलेले’ करा.