नाशिकमध्ये इलेक्ट्रिक गाडी चालवायला पेट्रोलपेक्षा खरंच किती स्वस्त पडते?

तुम्ही लिहिलंय की घर गंगापूर रोडला, नोकरी सातपूरला, महिन्याचं फिरणं साधारण ६०० किलोमीटर आणि वर्षातून चार-पाच वेळा मुंबई. शोरूममध्ये सांगितलं की इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला एक रुपयात चालते. हे खरं का, असा तुमचा प्रश्न.

माझ्या घरी दोन्ही गाड्या आहेत. जुनी पेट्रोल हॅचबॅक बायको चालवते. मी इंदिरानगरहून सिन्नरच्या एमआयडीसीला रोज इलेक्ट्रिकने जातो, येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर. दोन्हींचा खर्च वहीत लिहून ठेवतो, म्हणून सांगू शकतो: एक रुपयाचा हिशोब चूक आहे.

तो चुकतो विजेच्या दरात. ते लोक युनिटचा दर सहा-सात रुपये धरतात. पण महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला जवळपास दुप्पट, ३०१ ते ५०० ला त्याहून चढा. घरातला फ्रिज, पंखे, गिझर यांनी स्वस्तातले युनिट आधीच संपवलेले असतात. गाडीच्या वाट्याला वरचे महागडे युनिट येतात. त्यामुळे बिलाची सरासरी काढून उपयोग नाही, गाडी आल्यावर बिल कितीने वाढलं ते बघायचं.

माझंच २०२४-२५ मधलं बिल घ्या. गाडीआधी घराचा वापर १८० युनिट होता. महिन्याला १३०० किलोमीटरसाठी गाडीला २०० युनिट लागतात, म्हणजे वापर गेला ३८० वर. वाढलेल्या २०० पैकी १२० युनिट दुसऱ्या टप्प्यात पडले, वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून साधारण १३ रुपयांनी. उरलेले ८० तिसऱ्या टप्प्यात, साधारण १८ रुपयांनी. १५६० अधिक १४४०, झाले ३००० रुपये. किलोमीटरला २ रुपये ३० पैसे.

यात गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरली आहे. स्क्रीनवर साडेसात दिसतात, पण चार्जिंग पॉइंटला मी वेगळं सब-मीटर लावलंय आणि ते जास्त युनिट दाखवतं. मीटरपासून बॅटरीपर्यंत दहा-पंधरा टक्के वीज गळते, आणि तिचेही पैसे आपणच भरतो.

आता पेट्रोल. गावातल्या रहदारीत आणि सिग्नलवर आमची हॅचबॅक लिटरला १६ देते. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. म्हणजे एक रुपया नसला तरी फरक मोठाच आहे, किलोमीटरमागे चार रुपयांच्या वर. माझे महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास वाचतात.

तुमच्या ६०० किलोमीटरला मात्र साधारण ९२ युनिट लागतील. घराचा वापर १५० असेल तर सगळे दुसऱ्याच टप्प्यात बसतील, १२०० रुपये होतील. पेट्रोलचे ३९०० झाले असते. बचत महिन्याला २७००, वर्षाला ३२ हजारांच्या आसपास. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला नऊ वर्षं लागतील. मला साडेचार-पाच वर्षं पुरतात. म्हणून स्पष्ट सांगतो, इतक्या कमी फिरण्याला केवळ पैसे वाचवायला इलेक्ट्रिक घेऊ नका. शांत चालते, धूर नाही, गिअर-क्लचची कटकट नाही, यासाठी घेत असाल तर जरूर घ्या. मला ती मनापासून आवडते.

मुंबईच्या फेरीचा हिशोब वेगळा. वाटेतल्या फास्ट चार्जरवर युनिटला करासकट २० ते २५ रुपये पडतात, म्हणजे किलोमीटरला चार रुपयांच्या जवळ. हायवेला पेट्रोल गाडी १८-१९ देते, साडेपाच-सहा रुपये पडतात. फरक तिथे बराच आटतो. त्यात कसारा घाट. उतरताना थोडी वीज बॅटरीत परत येते, चढताना मात्र बघवत नाही. गेल्या पावसाळ्यात परत येताना कसाऱ्याला ३८ टक्के बॅटरी होती, गाडीत चौघं आणि सामान. धुक्यात ट्रकमागे चढत इगतपुरीला आलो तेव्हा २४ उरली होती. माझ्या गाडीची बॅटरी २४ किलोवॉट-तासांची, म्हणजे २४ युनिटची. तो तीनशेक मीटरचा चढच सव्वा-दीड युनिट जादा घेतो. म्हणून आता परत येताना मी कसारा यायच्या आधीच चार्ज करून घेतो. राज्य सरकारने २०२५ मध्ये समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी जाहीर केली आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही त्याच वर्षी ५ जूनला खुला झाला. त्या रस्त्याने गेलात तर फास्टॅगमधून पैसे कापले गेले का, ते नक्की तपासा.

देखभालीत ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच, पीयूसी हे सगळं सुटतं. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि सुरुवातीचा जोर जास्त. थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सवलत आहे, पण गाडीची किंमत जास्त असल्यामुळे एकूण हप्ता काही कमी येत नाही.

एक खर्च मला कोणीच आधी सांगितला नव्हता. गाडी घरी आली, प्लग लावला आणि चार्जिंग सुरूच होईना, चार्जरवर लाल दिवा. आमच्या इमारतीचं अर्थिंग नावालाच होतं. वायरमनने पार्किंगच्या कडेला खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, नवीन अर्थिंग केलं, मीटरपासून जाड वायर ओढली, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ ॲम्पिअरचा सॉकेट बसवला. नऊ हजार गेले. तुम्ही बुकिंगच्या आधीच वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या.

बंगला किंवा स्वतःची गच्ची असेल तर सोलरचा विचार आधी करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, आणि एवढ्या पॅनेलमधून महिन्याला तीनशेच्या वर युनिट निघतात. नेट मीटर, म्हणजे पॅनेलची वीज बिलातून वजा करणारं मीटर, लागलं की बिलातले वरचे महाग टप्पेच गळून पडतात आणि वरचं सगळं गणित गाडीच्या बाजूने झुकतं. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या नावाने चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मिळते का ते महावितरणच्या कार्यालयात विचारा, तिला घरगुती टप्पे लागत नाहीत.

दर बदलत राहतात, तेव्हा माझे आकडे तसेच उचलू नका. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येक महिन्याच्या युनिटमध्ये ९२ मिळवून बघा. एप्रिल-मे मध्ये एसीमुळे तुम्ही ३०० च्या वर जात असाल तर इथेच खाली युनिट लिहा, मी तुमच्यासाठी हिशोब पुन्हा मांडून देतो.