वाचकांचे प्रश्न : शेजारच्या सीटचा सेन्सर आणि एअरबॅगचा दिवा

प्रश्न : मी गेल्या वर्षी २०१० सालची जर्मन बनावटीची सेडान जुनी म्हणून विकत घेतली. दिवाळीपूर्वी नवीन सीट कव्हर बसवून घेतल्यापासून डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा विझत नाही. सर्व्हिस सेंटरने चालकाशेजारच्या सीटमधील सेन्सर मॅट (सीटवर कोणी बसले आहे का, हे ओळखणारा पातळ थर) निकामी झाल्याचे सांगून मोठा खर्च काढला आहे. घराजवळच्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की सीटखाली एक छोटे उपकरण जोडले की दिवा कायमचा जाईल. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मेकॅनिकने सुचवलेले उपकरण बसवू नये, आणि सर्व्हिस सेंटरचा खर्चही इतक्यात मान्य करू नये. बिघाड सीट कव्हर बसवल्यानंतर सुरू झाला, हा आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी तपशील आहे. कव्हर नीट ताणून बसवण्यासाठी अनेक दुकानांत सीट रुळांवरून सोडवून बाहेर काढली जाते आणि त्या वेळी तिच्याखालील कनेक्टर ओढला जातो, अर्धवट बसतो किंवा त्याची खाच तुटते. एअरबॅगशी संबंधित वायरिंग बहुधा पिवळ्या रंगाचे असते, त्यामुळे ते ओळखणे अवघड नाही. सीट सुटलेली असताना कोणी गाडी सुरू केली असेल, तर तेवढ्यानेही एअरबॅग नियंत्रित करणाऱ्या कंट्रोल युनिटच्या स्मृतीत फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचा सांकेतिक क्रमांक, नोंदला जातो आणि नंतर जोडणी पूर्ववत केली तरी अनेक गाड्यांत तो आपोआप पुसला जात नाही. म्हणजे आज दिसणारा दिवा एखाद्या संपलेल्या घटनेचाही असू शकतो.

म्हणून आधी कोड वाचून घ्यावा. बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर केवळ इंजिनाचे कोड वाचतात. एअरबॅग यंत्रणेत शिरू शकणारा, आपल्या गाडीच्या कंपनीला चालणारा स्कॅनर असलेले गॅरेज शोधावे लागेल. केवळ दिवा पाहून मॅटवर दोष ठेवणाऱ्याचे ऐकू नये, कारण पट्ट्याचे बकल, पट्टा आवळणारे प्रीटेन्शनर, सीटच्या बाजूची एअरबॅग आणि उतरलेली बॅटरी या सर्वांसाठी डॅशबोर्डवर दिवा एकच असतो. सीटखाली हात घालण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरी सोडवावी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला काळ थांबावे, कारण बॅटरी सुटल्यावरही युनिटमधील कपॅसिटरमध्ये एअरबॅग उडवण्याइतकी वीज काही काळ राहते. एअरबॅगच्या तारांना साधा मल्टिमीटर लावून विजेचा रोध मोजणे तर कटाक्षाने टाळावे. हे काम हौशी माणसाचे नाही.

जोडणी निर्दोष असूनही कोड मॅटचाच आला, तर सर्व्हिस सेंटरचे निदान खरे मानावे लागेल. ही मॅट म्हणजे सीटच्या कापडाखाली, फोमवर चिकटवलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. तिच्यावर विद्युतवाहक शाईच्या रेघा छापलेल्या असतात आणि भार पडला की त्यांचा रोध बदलतो. उतरताना-चढताना वर्षानुवर्षे एकाच कडेला वाकणे, सीटवर गुडघा टेकवून मागचे सामान काढणे, आतून धुलाई करताना पाणी मुरणे यांमुळे या रेघांना बारीक भेगा पडतात. पंधरा वर्षांच्या गाडीत मॅट जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. काही गाड्यांसाठी मॅट स्वतंत्र मिळते आणि सीटचे काम करणारा कुशल कारागीर ती बदलू शकतो. त्यामुळे सीटचा संपूर्ण खालचा भाग बदलणे हा एकच पर्याय आहे काय, हे सर्व्हिस सेंटरला लेखी विचारावे. कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेली मॅट मात्र तितक्याच वयाची आणि तितकीच वाकलेली असेल, हे लक्षात ठेवावे.

आता त्या छोट्या उपकरणाविषयी. ते मॅटच्या जागी जोडले जाते आणि सीटवर सदैव कोणीतरी बसले आहे, असा ठराविक संकेत युनिटला देत राहते. आपल्या गाडीतील मॅट केवळ ‘सीट रिकामी की भरलेली’ एवढेच ओळखणारी असल्यास परिणाम असा होतो, की रिकाम्या सीटसाठीही पट्ट्याची घंटा वाजू लागते. त्या घंटेला कंटाळून लोक रिकाम्या सीटचा पट्टा कायमचा लावून ठेवतात. मग समोरून जोराची धडक बसली, की कोणीही बसलेले नसताना शेजारची एअरबॅग उडते, पट्टा आवळला जातो, डॅशबोर्ड फाटतो आणि वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च उभा राहतो. विमा कंपनीच्या सर्व्हेयरला ही फेरफार आढळली, तर दाव्यावरून वाद होण्याची शक्यताही नाकारता येत नाही. मॅट वजनावरून लहान मूल आणि प्रौढ यांत भेद करणारी असेल, तर हे उपकरण सरळ जीवघेणे ठरते, कारण मुलासाठी बंद राहायला हवी ती एअरबॅग त्यामुळे चालू राहते.

दिवा पेटलेला असताना गाडी चालवत राहण्यातही एक दोष आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. काही युरोपीय गाड्यांत मॅट बिघडली की युनिट सीट भरलेली आहे असे गृहीत धरते आणि एअरबॅग कार्यक्षम ठेवते, तर काही गाड्यांत ती बंद केली जाते. आपली गाडी कोणत्या गटातली आहे, हे पुस्तिकेवरून किंवा सर्व्हिस सेंटरकडून कळेल. पण पहिल्या गटातली असली तरी निश्चिंत होता येत नाही. उद्या चालकाच्या बाजूला दुसरा बिघाड झाला, तर तो सांगण्यासाठी दिवा शिल्लक कुठे आहे?

खर्च करण्यापूर्वी आणखी एक तपासणी अवश्य करावी. ताकाता या जपानी कंपनीच्या ज्या इन्फ्लेटरांत, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागांत, अमोनियम नायट्रेट वापरले होते, त्यांतील रसायन उष्णता आणि दमटपणामुळे वर्षांनुवर्षे खराब होऊन एअरबॅग उडताना इन्फ्लेटर फुटू लागले आणि धातूचे तुकडे प्रवाशांच्या अंगावर आले. जगभरातील अनेक कंपन्यांना त्यामुळे गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतात होंडा आणि टोयोटा यांनीही तसे केले. आपल्या गाडीच्या वयाचा विचार करता, तिचा चासी क्रमांक संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर घालून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन ती अशा यादीत आहे का, हे पाहावे. यादीत असल्यास इन्फ्लेटर विनामूल्य बदलून मिळतो, आणि सेन्सरचे काम त्यानंतरच हाती घेणे शहाणपणाचे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. आमच्या २००८ सालच्या मिनीव्हॅनमध्ये माझी पत्नी शेजारी बसली असता ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ हा दिवा अधूनमधून लागतो. माझे वडील बसले तर लागत नाही. पत्नीचे वजन सुमारे ५० किलो आहे. हा बिघाड समजावा का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : लगेच समजू नये, पण दुर्लक्षही करू नये. आपल्या गाडीतील यंत्रणा पुण्याच्या वाचकाच्या मॅटपेक्षा अधिक बारकाईने निर्णय घेते. १९९० च्या दशकात अमेरिकेत एअरबॅगच्याच धक्क्याने लहान मुले दगावल्याच्या घटनांनंतर सरकारने २००० साली नवा नियम केला आणि २००३ ते २००६ या काळात तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यानुसार पुढच्या सीटवरील लहान मुलाला इजा होऊ नये म्हणून एअरबॅग एकतर बंद राहावी किंवा सौम्यपणे उघडावी, आणि लहान चणीच्या प्रौढ स्त्रीसाठी मात्र ती उपलब्ध असावी, अशी अपेक्षा असते. चाचणीतील त्या स्त्रीच्या पुतळ्याचे वजन सुमारे ४९ किलो असते. म्हणजे आपली पत्नी नेमकी सीमारेषेवर बसते!

दिवा लागतो तेव्हा आपल्या पत्नी दाराकडे झुकलेल्या असतात का, पाठ फार मागे टाकलेली असते का, खाली उशी किंवा जाड आवरण असते का, मागे बसलेले मूल पायाने सीट वर ढकलते का, सीटखाली छत्री किंवा पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या असतात का, हे काही दिवस पाहावे. यांपैकी कशानेही सीटवरील भार कमी भासतो. सरळ, मागे टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसल्यावरही दिवा लागत असेल, तर यंत्रणेचे शून्य, म्हणजे रिकाम्या सीटसाठी धरलेले माप, सरकले असावे. रुळांवर वजनमापक असलेल्या प्रकारात रिकाम्या सीटवर स्कॅनरने ते पुन्हा ठरवता येते. फोमखाली द्रवाची पिशवी असलेल्या प्रकारात मात्र फोम, पिशवी, दाबमापक आणि त्यांचे युनिट हे एकत्र जुळवलेले असल्याने एकच भाग बदलून चालत नाही. संपूर्ण संच घ्यावा लागतो. तो महाग असतो, आणि इतक्या जुन्या गाडीत तो घालावा की गाडीच बदलावी, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पैसे मोजण्याआधी गाडीचा सतरा अक्षरी क्रमांक अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, कारण खुद्द या सेन्सरमुळेही गाड्या परत बोलावल्या गेल्या आहेत. निसानने २०१६ मध्ये तशा ३० लाखांहून अधिक गाड्या एकट्या अमेरिकेत बोलावल्या होत्या. काम होईपर्यंत पत्नीने मागे बसणे उत्तम. आपल्या पत्रात मुलांचा उल्लेख नाही, परंतु घरात असतील तर बारा वर्षांपर्यंत त्यांची जागा मागेच.

प्रश्न : माझ्या २०१९ च्या छोट्या गाडीत शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी घंटा वाजते. सीटखालचा कनेक्टर काढून टाकला तर चालेल का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : चालणार नाही. १ जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही सीटसाठी पट्ट्याची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि आपली घंटा त्याचीच आहे. यात बिघाड काहीच नाही. भारतातील बहुतेक छोट्या गाड्यांत या सेन्सरचा एअरबॅगशी संबंध नसतो, परंतु त्याच जागी पट्ट्याच्या किंवा बाजूच्या एअरबॅगच्या तारा असू शकतात आणि चुकीचा कनेक्टर निघाला की आजच्या घंटेऐवजी उद्या एअरबॅगचा दिवा घेऊन आपल्याला गॅरेजमध्ये जावे लागेल. घंटा बंद करण्यासाठी बकलमध्ये खोचायच्या क्लिपाही घेऊ नयेत. त्या विकणाऱ्या पाच ई-व्यापार कंपन्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये आदेश काढले होते. भाजीची पिशवी मागच्या सीटपुढे पायाजवळ ठेवावी, तिथे ती ब्रेक लागल्यावर सांडतही नाही.