मुलगा माझ्याकडे आला, मग पोटगी निम्मी का नाही?

प्रश्न : हिंदू विवाह कायद्याखाली परस्पर संमतीने 2019 मध्ये आमचा घटस्फोट झाला. दोन्ही मुलांचा ताबा आईकडे, आणि दोघांसाठी मिळून मी दरमहा एक ठरावीक रक्कम द्यायची, असं ठरलं. मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. दहावीचं वर्ष सुरू होताना तो स्वतःहून माझ्याकडे राहायला आला. अकरा वर्षांची मुलगी आईकडेच आहे. मुलाचा सगळा खर्च आता मी करतो, म्हणून पोटगी निम्मी केली. मुलांची आई म्हणते, हे बेकायदा आहे, थकबाकी वसूल करीन. तिलाही पगार आहे. माझं काय चुकलं?
– एक वडील

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, पण तुम्ही धरलेली वाट चुकीची आहे. मुलगा घर बदलतो, त्याने न्यायालयाचा हुकूम आपोआप बदलत नाही. तो बदलून घेईपर्यंत पूर्ण रक्कम देणं लागतंच, आणि राहिलेल्या फरकाची वसुली मुलांच्या आई मागू शकतात.

हुकूम बदलून मिळतो, हेही तितकंच खरं. त्याच कायद्याच्या कलम 26 नुसार घटस्फोटानंतरही मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण याबद्दलचे आदेश न्यायालय वेळोवेळी बदलू शकतं, आणि शक्य तिथे मुलांची इच्छा लक्षात घ्यावी, असं ते कलमच सांगतं. पंधरा वर्षांच्या मुलाचं म्हणणं न्यायाधीश बहुधा स्वतः, आईवडिलांना बाहेर बसवून ऐकतात. त्याच्या शब्दाला वजन असतं. शेवटचा निर्णय मात्र त्याच्या हिताचा. म्हणून अर्ज लवकर करा. जितका उशीर, तितके मधले महिने जुन्या हुकुमाच्या हिशेबात जातात.

आता 'निम्मी' या शब्दाकडे या. तुमच्या संमतीच्या अटींत प्रत्येक मुलाची रक्कम वेगळी लिहिली आहे का, ते आधी पाहा. एकत्र रक्कम असेल तर ती दोनाने भागून चालत नाही. मुलगा गेला म्हणून त्या घराचं भाडं किंवा विजेचं बिल निम्मं होत नाही. मुलीची फी, औषधं, शिकवणी जिथल्या तिथेच आहेत. आणि तुमच्या निम्म्या रकमेची झळ पहिल्यांदा त्या अकरा वर्षांच्या मुलीला लागते, जिने काहीच बदललेलं नाही. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली, ते मला खटकलं.

मुलांच्या आईच्या पगाराचा मुद्दा योग्य आहे. 1956 चा दत्तक व निर्वाह कायदा मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी आईवडील दोघांवर टाकतो. पद्मजा शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली कमावत्या आईवडिलांमध्ये मुलांचा खर्च वाटून दिला होता : वडिलांचे दोन वाटे, आईचा एक. तेच प्रमाण तुम्हाला लागू होईल असं नाही, ते दोघांच्या उत्पन्नावर ठरेल. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. म्हणजे तुमचाही पगार तितकाच उघड होणार.

भांडत जाण्याआधी एकदा समोरासमोर बसा, हवं तर समुपदेशकाला मध्ये घ्या. दोघांनी सही करून नव्या अटी न्यायालयात दाखल केल्या तर काम बरंच सोपं होतं. फोनवरच्या मेसेजमधल्या कबुलीवर विसंबू नका. अटींत एक गोष्ट आवर्जून लिहून घ्या : मुलगा पुन्हा आईकडे गेला तर काय. या वयाची मुलं जातात आणि परत येतात. कधी वडिलांची ओढ असते, कधी आईशी वाद झालेला असतो, कधी फक्त शाळा जवळ पडते. दर वेळी वकील गाठावा लागू नये. शाळेची फी थेट शाळेत भरायची, असं ठरवलंत तर पुष्कळ कुरबुरी टळतील.

हे सगळं मुलासमोर बोलू नका, निरोपही त्याच्या हाती पाठवू नका. आपल्या येण्याने बहिणीचे पैसे कमी झाले, हे त्याच्या मनाला लागलं तर दहावीच्या वर्षात तो ते कुणाशी बोलणारही नाही.

आधी राहिलेला फरक बँकेतून भरा, आणि अर्जाला त्या खात्याचा उतारा जोडा.