वणव्यानंतर डोंगर हिरवा होतो. रान परत यायला किती वर्षे?

वाळपईहून प्रश्न : मार्च 2023 मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यातले डोंगर जळाले आणि पावसात पुन्हा हिरवे झाले. म्हणजे रान सावरले ना?

लांबून दिसणारी ती हिरवळ बरीचशी गवताची, रानमोडीची (झपाट्याने पसरणारे परके झुडूप) आणि मुळांतून फुटलेल्या झुडपांची असते. आपल्याकडचा वणवा सहसा शेंड्यांवरून धावत नाही, पाचोळ्यातून सरकतो. कोरडी माती उष्णता फार खोल जाऊ देत नाही, म्हणून काही बोटे खालची मुळे आणि खोल बिळातले साप, उंदीर बहुधा वाचतात. माट्टी, किंदळ, कुंभा या झाडांची साल जाड, तीही तगतात. व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) सदाहरित झाडांची साल मात्र पातळ. आतला जिवंत थर भाजला तरी ती काही काळ पाने धरून उभी राहतात आणि वर्ष-दोन वर्षांनी वाळतात. म्हणूनच आगीनंतर महिनाभरात काढलेला नुकसानीचा हिशेब नेहमी कमी भरतो.

खरे नुकसान पायाखाली पाहा. पाचोळ्याखालचा काळसर, ओलसर, अर्धवट कुजलेला थर म्हणजे बेडूक, सापसुरळ्या, गोमी आणि असंख्य किड्यांचे घर. रानकोंबडी तिथेच उकरून खाते. नवी पाने पुढच्या पानगळीत पडतील, पण खालचा तो थर जमायला अनेक पावसाळे लागतात.

जनावरे परततात तीही एकदम नाही. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर गवे, सांबर, भेकर लवकर येतात आणि ते पाहून आपण निर्धास्त होतो. शेकरूला फांदीवरून फांदीवर जायला सलग छत लागते. मध्ये झाडे मेली की त्याला जमिनीवर उतरावे लागते आणि तिथे ते सहज सापडते. सर्वांत उशिरा सावरतो धनेश. ऐन मार्चमध्ये मादी ढोलीत स्वतःला कोंडून अंड्या-पिल्लांवर बसलेली असते आणि नर फटीतून फळे भरवतो. पोकळ बुंध्यात आग शिरली की तो धुराड्यासारखा पेटतो. तेवढी ढोली पुन्हा तयार व्हायला झाड आधी म्हातारे व्हावे लागते. तो काळ दशकांत मोजायचा.

सांगेहून : राखेने गवत चांगले येते, मग थोडी आग बरीच नाही का?

राखेत पोटॅश आणि चुना असतो, हे खरे. पण नत्राचा मोठा भाग धुराबरोबर जातो आणि उतारावरची राख जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत व्हाळात उतरते. तोच उतार दरवर्षी जळत राहिला तर रोपे गुडघ्याच्या वर जात नाहीत, मोठ्या झाडांना वारस उरत नाही. शिवाय अभयारण्यात आग लावणे 1972च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 30नुसार गुन्हा आहे.

सत्तरीतून : आमचे काजूचे भाट (बागायत) रानाला लागून आहे. बोंडू (काजूची फळे) वेचायला जमीन साफ लागते. पाचोळा न जाळता काय करावे?

हा प्रश्न सर्वांत मोलाचा. जानेवारी संपण्यापूर्वी रानाच्या बाजूने किमान 3 मीटर रुंद पट्टा माती दिसेपर्यंत खरवडा. तीव्र उतार असेल तर 5 मीटर. आग चढावर झपाट्याने चढते, त्यामुळे शक्य तिथे पट्टा डोंगरधारेवर घ्या. उताराच्या मध्यावर घेतला तर पेटलेले ओंडके घरंगळत पट्टा ओलांडतात. एकदा झाडून काम संपत नाही, पानगळ चालूच असते. मार्चअखेरपर्यंत दर आठवड्याला पट्टा झाडा. गोळा केलेला पाचोळा काजूच्या चढाकडच्या बाजूला, बुंध्यापासून सुमारे 2 मीटरवर फूटभर खोल अर्धगोल चर खणून त्यात दाबा आणि वर माती लोटा. मातीविना नुसता ढीग ठेवलात तर तेही जळणच. पावसात हा चर पाणी मुरवतो आणि पाचोळ्याचे खत होते.

काणकोणहून : जळलेल्या भागात रोपे लावावीत का? प्राण्यांसाठी पाणी ठेवावे का?

लागवडीची घाई नको, एक पावसाळा जाऊ द्या. नखाने साल खरवडून बघा, खाली हिरवे, ओलसर दिसले तर झाड जिवंत आहे. ते तोडू नका. मेलेली झाडेही उभी राहू द्या, सुतारपक्षी त्यात ढोल्या कोरतात. तीन वर्षे गुरे आणि आग बाहेर राहिली तर बहुतेक ठिकाणी बुंध्याचे फुटवे आणि रुजलेले बी पुरते. फुटवा आलाच नाही तिथेच जवळच्या रानातल्या बियांची रोपे लावा. लवकर वाढते म्हणून ऑस्ट्रेलियन अकेशिया लावू नका. श्रमदान करायचे असेल तर वनखात्याला विचारून रानमोडी उपटा. ऑगस्ट-सप्टेंबरात, माती ओली असताना, मुळासकट, फुलण्याआधी. ती उन्हाळ्यात वाळली की पुढच्या वणव्याचे सरपण होते.

पाण्याची भांडी ठेवण्यापेक्षा जुने झरे गाळ काढून मोकळे करणे बरे, तेही वनखात्यामार्फतच. भांड्याभोवती गर्दी होते, मागोमाग शिकारी येतात. भेकराचे पाडस एकटे दिसले तर उचलू नका, आई बहुधा जवळपास असते. भाजलेले जनावर दिसले तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. दूर थांबा आणि वनखात्याला नेमकी जागा कळवा.