वर्गखोली कशी आहे, याचा मुलांच्या तब्येतीवर खरंच परिणाम होतो का?

होतो, रोज होतो. तुम्ही विचारलंय, शाळेला थोडा निधी मिळालाय तर रंगरंगोटी करावी, डिजिटल फळा घ्यावा की आणखी काही. मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय. माझ्या मते आधी मुलींचं स्वच्छतागृह, मग छप्पर. फळा नंतर.

माझ्या सहावीतल्या एका मुलीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी जायची. विचारलं तर खाली बघून म्हणाली, "बाई, पाणी प्यायलं की जावं लागतं." स्वच्छतागृह होतं, पण दाराला आतून कडी नव्हती आणि नळ कोरडा. म्हणजे दहा ते पाच पोरगी पाण्याविना! दुपारी डोकं दुखायचं, लघवीला जळजळ व्हायची, पाळीच्या दिवसांत दांडी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आहेत. कागदावर आमच्याकडेही होती. आम्ही कडी बसवली, टाकीवरून नळ जोडून घेतला, झाकणाची बादली ठेवली. हळूहळू बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. केरळच्या शाळांत 2019 मध्ये पाणी प्यायची घंटा सुरू झाली, ती मला फार आवडते. पण कडीच नसेल तर मुली घंटेला एक घोट घेऊन दाखवतात, इतकंच.

आता छप्पर. पत्र्याच्या खोलीत मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीनंतर गणित शिकवून बघा. मुलं पेंगतात, चिडचिड करतात आणि आपण त्यांना आळशी ठरवतो. पत्र्यावर वरून पांढरा चुना मारला तरी खोली कमी तापते. खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत हव्यात. एकाच बाजूला असल्या की पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. नवी खोली बांधणार असाल तर हे गवंड्याला पाया खणायच्या आधी सांगा.

उजेड मुलांच्या डाव्या बाजूने आला तर उजव्या हाताने लिहिणाऱ्यांच्या वहीवर सावली पडत नाही. फळ्याला लागून खिडकी नको, फळा चमकतो आणि कडेची मुलं मान वाकडी करून वाचतात. डोळ्यांसाठी मैदानही वर्गाइतकंच लागतं: तैवानने 2010 पासून मुलांना रोज 120 मिनिटं उघड्यावर ठेवायचा कार्यक्रम घेतला, आणि अधू नजरेच्या मुलांचं वाढत चाललेलं प्रमाण पुढे उतरलं. त्यामुळे मैदानात खोल्या वाढवू नका.

निधी कुठे घालायचा हे ठरवण्याआधी उद्या शाळा सुटताना मुलींच्या बाटल्या उचलून बघा.