फ्रिजला 'घरघर' लावू नका

प्रश्न असा आला आहे : नवा फ्रिज रात्री घरघरतो, थांबला की आत पाणी वाहिल्यासारखं वाजतं. 'घरघर' हाच शब्द ना? आणि हा बिघाड तर नाही?

बिघाड नाही, आणि 'घरघर'ही नाही. फ्रिजच्या बाबतीत हा शब्द रोज कानावर पडतो आणि रोज खटकतो. जात्याची घरघर समजू शकते, दगडावर दगड फिरतो. पण माणसाला घरघर लागते ती शेवटची. गिरण्यांना घरघर लागली म्हणजे त्या बुडायला आल्या. धडधाकट फ्रिजच्या वाट्याला हे कशाला? काँप्रेसरचा सलग, खालच्या पट्टीतला आवाज म्हणजे घुमणं. थर्मोस्टॅटची टकटक सांगायला नकोच.

खरा ऐकण्यासारखा आवाज तो थांबल्यानंतरचा. नळ्यांत एकीकडे दाब जास्त, दुसरीकडे कमी. काँप्रेसर थांबला की हा दाब सारखा होऊ लागतो आणि आतला द्रव वायूसकट बुडबुडत सरकतो. या जातीच्या आवाजावरून संस्कृतात शब्द आहे गर्गर! ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात गर्गर नावाचं वाद्य वाजतं. पुढे गर्गर म्हणजे भोवरा, ताक घुसळायचा डेराही, आणि गर्गरी म्हणजे पाण्याचं भांडं. संस्कृतात गर्गरी, प्राकृतात गग्गरी आणि आपली घागर. अरुंद तोंडाची घागर विहिरीत बुडवून पाहा. हवा बाहेर पडते, पाणी आत शिरतं आणि भांडं स्वतःचं नाव सांगतं.

घागर 'घटा'वरून आली असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांनी 'ट'चा 'ग' कोणत्या नियमाने झाला ते दाखवावं. घटाचा घडा होतो, घागर होत नाही. आणि अशा शब्दांपुढे नुसतं 'ध्व.', म्हणजे ध्वनीवरून आलेला, एवढं लिहून मोकळं होणाऱ्या कोशकारांवरही माझा राग आहे. ध्वनीलाही वंश असतो. हिंदीत गागर, मग मराठीत 'घ' कुठून? माझं मत ठाम आहे : शेजारच्या, संस्कृतातल्याच 'घर्घर'कडून. घर्घरी म्हणजे लहान घंटांचा कमरपट्टा. आपल्या बैलांच्या घागऱ्या त्याच घरातल्या. दोन नादशब्द एकमेकांत मिसळले आणि घागरीने पहिलं अक्षर शेजारणीचं घेतलं.

मराठीतली 'गरगर' मात्र भोवऱ्याबरोबर फिरण्याकडे गेली, 'खळखळ' ओढ्याची झाली. म्हणून थांबलेल्या फ्रिजच्या आवाजाला 'बुडबुड' म्हणा. घागर बुडताना म्हणतो तसंच.